ताम्रपटाहून टिकाऊ : ग्रीक-लॅटिन वीणाकाव्याचा अभ्यास आणि महाराष्ट्री गाथा

पांढुर्णा येथे सापडलेले दुसऱ्या प्रवरसेनाचे ताम्रपट वाकाटकांच्या इतिहासाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहेत. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी वाकाटकांच्या कोरीव लेखांचा जो संग्रह १९६३ मध्ये सिद्ध केला, त्यात त्यांचा अंतर्भाव आहे. हे दानपत्र राजाच्या कारकिर्दीच्या २९ व्या वर्षाचे. त्याची लिपी अक्षरांच्या माथ्यावर चौकोनी पेटी असलेली, आणि भाषा संस्कृत. याच राजाचे २३ व्या वर्षाचे दुसरे दानपत्र जुन्या छिंदवाडा जिल्ह्यातील दुदिया येथे मिळाले आहे. पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात होऊन गेलेल्या या राजाची नोंद इतिहासाने एवढ्यावरच संपविलेली नाही. ‘सेतुबंध’ हे महाराष्ट्री प्राकृतातील प्रख्यात महाकाव्य परंपरेने त्याच्याच नावे सांगितले जाते, आणि ‘गाथासप्तशती’च्या टीकाकारांनी काही गाथांवर प्रवरसेनाचे नाव घातले आहे.

दान दिले ते संस्कृतात आणि काव्य केले ते महाराष्ट्रीत, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. राजशासनाची भाषा एक आणि अंतरंगीची भाषा दुसरी, हा अनुभव सौंसर-पांढुर्ण्याच्या वाचकाला नवा नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा नव्या मध्यप्रदेशात राहिला. कचेरीची भाषा हिंदी झाली, घरची मराठीच राहिली. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा होऊन सौंसर तालुका त्यात आला, तरी ही विभागणी बदलली नाही. अशा ठिकाणच्या मराठी ग्रंथालयाने शंभर वर्षांचा पल्ला गाठावा, या प्रसंगी काव्य कसे तगते आणि ते कोण तगवते, हा प्रश्न अप्रस्तुत ठरू नये. त्या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर प्राचीन ग्रीक व लॅटिन वीणाकाव्याच्या अभ्यासाने दिले आहे. विशेष असे की, ते उत्तर मराठीच्या पूर्वजेला, म्हणजे महाराष्ट्री गाथेलाही जवळून लागू पडते.

वीणेचे काव्य

ग्रीकांचे ‘लिरिक’ म्हणजे ‘लायर’ या तंतुवाद्याच्या साथीने गायिलेले पद्य. मराठी समीक्षेत त्यासाठी ‘वैणिक’ हा शब्द काही काळ वापरात होता. पुढे ‘भावगीत’ आणि ‘भावकविता’ हे शब्द रूढ झाले. पण भावगीत म्हटले की एकट्या जिवाची उत्कटता डोळ्यांसमोर येते, आणि ग्रीक वीणाकाव्याचा पैस त्याहून मोठा होता. सॅफोने लेस्बॉस बेटावर इ. स. पू. ६०० च्या सुमारास रचलेली गीते एका कंठातून येत. पिंडरची विजयगीते मात्र नाचणाऱ्या गायकवृंदासाठी होती. मल्लयुद्धात किंवा रथांच्या शर्यतीत जिंकलेल्या वीराच्या गौरवार्थ ती म्हटली जात. पुढे अलेक्झांड्रियाच्या पंडितांनी या परंपरेतून नऊ कवी श्रेष्ठ मानून निवडले : आल्कमन, सॅफो, आल्कीअस, अनॅक्रिऑन, स्टेसिकोरस, इबिकस, सिमॉनिडीझ, पिंडर आणि बॅकिलिडीझ. या नवांत सॅफो ही एकटीच स्त्री. गाथासप्तशतीच्या टीकाकारांनी रेवा, माधवी, अनुलक्ष्मी अशा कवयित्रींची नावे नोंदविली आहेत, याचे येथे स्मरण होते.

ग्रंथालयाच्या इतिहासात अलेक्झांड्रियाचे स्थान अद्वितीय आहे, आणि त्याचे कारण तेथील ग्रंथसंख्या एवढेच नव्हे. तेथे कॅलिमॅकसने १२० गुंडाळ्यांची ग्रंथसूची तयार केली. तीत लेखकांचे वर्गीकरण होते, ग्रंथांच्या आरंभीचे शब्द होते आणि ओळींची मोजदाद होती. हा सूचिकार स्वतः पहिल्या प्रतीचा कवी होता. बायझँटियमच्या अरिस्टोफेनीझने वीणाकाव्याच्या सलग लिहिलेल्या मजकुराचे वृत्तानुसार चरण पाडले. सॅफोच्या पहिल्या पुस्तकाच्या एका प्रतीच्या अखेरीस १३२० ओळी, असा आकडा नोंदलेला आढळतो. चार ओळींच्या कडव्यांत हिशेब केला तर ३३० कडवी होतात. म्हणजे एकेकाळी तिचे पहिलेच पुस्तक एवढे होते. आज तिची अथपासून इतिपर्यंत संपूर्ण हाती असलेली रचना एकच आहे.

उकिरड्यावरची कविता

एवढे मोठे काव्य नाहीसे कसे झाले? कोणा एका आगीने किंवा एका धर्माच्या रोषाने ते जाळले, अशा कथा प्रसिद्ध आहेत. खरे कारण त्याहून साधे आणि म्हणून अधिक भयावह आहे. पपायरसाच्या गुंडाळ्या जीर्ण होत. त्यांतला मजकूर चामड्याच्या पानांच्या पुस्तकांत उतरविण्याची वेळ आली, तेव्हा नक्कल करणाऱ्यांनी शाळेत लागणारे ग्रंथ आधी घेतले. सॅफोची ईओलिक बोली कठीण, तिचे शब्द अपरिचित. तिची नक्कल करणारे कमी झाले आणि काही शतकांत ती हातची गेली. पिंडरची विजयगीते अभ्यासक्रमात राहिली म्हणून वाचली. पुस्तक जाळल्याने जितके नष्ट होते त्याहून अधिक ते न वाचल्याने होते, हा वीणाकाव्याच्या इतिहासाचा पहिला धडा आहे.

जे वाचले ते प्रथम वाचले अवतरणांमुळे. सॅफोची ती एकमेव पूर्ण रचना हॅलिकार्नाससच्या डायोनिशिअसने रचनेतील माधुर्याचे उदाहरण म्हणून उतरवून घेतली, म्हणून टिकली. तिची दुसरी प्रख्यात कविता लाँजायनसच्या नावे असलेल्या ‘उदात्ततेविषयी’ या ग्रंथात आली आहे. प्रिय व्यक्ती दुसऱ्याशी बोलत असलेली पाहून नायिकेची जी अवस्था होते तिचे त्यात वर्णन आहे. वाचा खुंटते, त्वचेखाली आग पसरते, कान वाजू लागतात, घाम सुटतो, अंग थरथरते, वर्ण पालटतो आणि मरण जवळ आल्यासारखे होते. भरताच्या नाट्यशास्त्राशी परिचय असलेल्या वाचकाला येथे थांबावेच लागते. आठ सात्त्विक भावांपैकी स्वेद, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य आणि प्रलय हे पाच या एका कवितेत ओळीने भेटतात. भरताने सॅफो वाचली नव्हती, आणि सॅफोला भरत ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. माणसाचे शरीर दोघांनीही नीट पाहिले होते, एवढाच याचा अर्थ.

गाथांचेही असेच झाले. आनंदवर्धनाने नवव्या शतकात काश्मीरमध्ये ‘ध्वन्यालोक’ लिहिताना महाराष्ट्री गाथांचा आधार घेतला. त्यांपैकी एका गाथेत एक स्त्री धार्मिक पुरुषाला सांगते की, तू आता निर्धास्तपणे हिंड, तुला त्रास देणाऱ्या कुत्र्याला गोदातीरावरील कुंजात राहणाऱ्या सिंहाने मारले आहे. शब्दांनी ती त्याला हिंडायला सांगते आणि अर्थाने त्या कुंजाकडे फिरकू नको असे बजावते, कारण तो तिचा संकेताचा निवारा आहे. ध्वनीचा सिद्धान्त काश्मिरात मांडला गेला, परंतु त्याचे मर्म दाखविणारे हे उदाहरण गोदाकाठचे आहे. लाँजायनसने सॅफोसाठी जे केले ते आनंदवर्धन आणि त्याच्यामागून आलेल्या मम्मटादिकांनी गाथेसाठी केले. काव्यशास्त्रज्ञ हा काव्याचा परीक्षक असतो, तसाच अनेकदा नकळत त्याचा रक्षकही असतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वीणाकाव्याच्या अभ्यासाला अनपेक्षित वळण लागले. बॅकिलिडीझ हा त्या नवांपैकी एक कवी त्रुटित अवतरणांपुरताच माहीत होता. १८९६ मध्ये त्याच्या कवितांची पपायरसाची गुंडाळी ब्रिटिश म्युझियमच्या हाती आली आणि फ्रेडरिक केन्यन यांनी १८९७ मध्ये ती प्रकाशित केली. त्याच १८९६-९७ च्या हिवाळ्यात ग्रेनफेल आणि हंट या दोन तरुण इंग्रज अभ्यासकांनी ईजिप्तमधील ऑक्सिरिंकस या उजाड नगराच्या उकिरड्यांवर कुदळ घातली. पाऊस न पडणाऱ्या त्या भूमीत शतकानुशतके फेकलेले कागद वाळूखाली सुके राहिले होते : करांच्या पावत्या, खासगी पत्रे, विद्यार्थ्यांचे धडे आणि त्यांतच कविता. पाच लाखांच्या आसपास तुकडे निघाले. पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात सॅफोची एक अज्ञात रचना होती. भावाची समुद्रावरून सुखरूप परत येण्याची प्रार्थना, असा तिचा विषय. एका ग्रीक प्रहसनाचा तुकडाही याच उकिरड्यावर मिळाला. त्याचे कथानक भारताच्या किनाऱ्यावर घडते, आणि त्यातील अनाकलनीय बोल कन्नड असावेत असे हुल्टश यांनी १९०४ मध्ये सुचविले. तो वाद अजून मिटलेला नाही.

हे काम आजही चालू आहे. २००४ मध्ये कोलोन येथील पपायरसावरून सॅफोची वार्धक्यावरील कविता जवळजवळ पूर्ण झाली. २०१४ मध्ये तिच्या भावांविषयीची आणखी एक रचना उजेडात आली. तथापि, तो पपायरस कोठून आला याविषयी दिलेली माहिती विश्वसनीय नसल्याचे पुढे निष्पन्न झाले आणि २०२१ मध्ये प्रकाशकांना त्यासंबंधीचे एक प्रकरण मागे घ्यावे लागले. हाती आलेल्या वस्तूची नोंद प्रामाणिक नसेल तर वस्तू खरी असूनही ज्ञान डागाळते. दप्तर सांभाळणाऱ्या प्रत्येक ग्रंथपालाने लक्षात ठेवावी अशी ही गोष्ट आहे.

एका हस्तलिखिताचा धागा

लॅटिन वीणाकाव्याची कथा वेगळी आहे. येथे उकिरडा नाही, एक बारीकसा धागा आहे. कॅटलस हा इ. स. पू. पहिल्या शतकातील व्हेरोना नगरीचा कवी. त्याच्या ११६ रचनांपैकी एका विवाहगीताचा अपवाद सोडला तर बाकीचे सर्व काव्य एकाच हस्तलिखिताच्या आधाराने जगले. ते इ. स. १३०० च्या सुमारास व्हेरोना येथे प्रकटले, त्याच्या नकला झाल्या आणि मूळ प्रत पुन्हा नाहीशी झाली. त्या शतकातील ज्या तीन महत्त्वाच्या नकला आज ऑक्सफर्ड, पॅरिस आणि व्हॅटिकन येथे आहेत, त्यांपैकी व्हॅटिकनची प्रत सूचीतील चुकीच्या नोंदीमुळे नजरेआड झाली होती. अमेरिकन पंडित हेल यांनी ती शोधली, तेही १८९६ मध्येच. ग्रंथ ग्रंथालयात असूनही हरवतो, याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

कॅटलसने सॅफोच्या त्याच कवितेचे लॅटिन रूपांतर केले, आणि तेही तिच्याच वृत्तात. आपल्या प्रियेला त्याने ‘लेस्बिया’ हे नाव दिले ते लेस्बॉसच्या कवयित्रीच्या स्मरणाने. कॅलिमॅकसच्या एका दीर्घ रचनेचेही त्याने भाषांतर केले. मूळ ग्रीक रचनेची जागा अनेक शतके त्या भाषांतरानेच भरून काढली आणि १९२९ मध्ये मूळ रचनेचा काही भाग पपायरसावर प्रकाशित झाला, तेव्हा दोन्ही ताडून पाहण्याची सोय झाली. होरेसने हे कार्य पुढे नेले. त्याच्या ‘ओड्स’ची पहिली तीन पुस्तके इ. स. पू. २३ मध्ये आणि चौथे दहा वर्षांनी आले. एकूण रचना १०३. ग्रीक वीणेचे सूर आपण इटलीच्या भाषेत आणले, असा त्याचा सार्थ अभिमान होता.

तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटी त्याने आपले काव्य धातूच्या स्मारकापेक्षा अधिक टिकेल असा विश्वास प्रकट केला. त्याच्यापुरता तो खरा झाला. पण विदर्भाचा इतिहास येथे सावध करतो. वत्सगुल्मच्या, म्हणजे आजच्या वाशीमच्या वाकाटक शाखेचा संस्थापक सर्वसेन याने ‘हरिविजय’ हे महाराष्ट्री काव्य रचले. आनंदवर्धन, भोज आदींनी त्याचा गौरव केला. त्याच्या मुलाचा ताम्रपट वाशीम येथे सापडला, वाचला गेला. त्याचा वंशवर्णनाचा भाग संस्कृतात तर दानाचा तपशील प्राकृतात आहे. बापाचे काव्य मात्र ग्रंथरूपाने मिळाले नाही. त्याची अवतरणे वेचून डॉ. वा. म. कुलकर्णी यांनी जेवढे हाती लागले तेवढे एकत्र केले. होरेसच्या म्हणण्याच्या नेमके उलट झाले : तांबे राहिले, काव्य गेले. काव्य ताम्रपटाहून टिकाऊ ठरायचे असेल तर प्रत्येक पिढीत कोणीतरी ते उतरवून घेणारा हवा असतो.

गण, मात्रा आणि इंद्रवज्रा

ग्रीक-लॅटिन वीणाकाव्याच्या अभ्यासात युरोपीय विद्यार्थ्याला सर्वांत जड जाते ते वृत्त. त्याच्या भाषांतील छंद बहुधा आघातावर किंवा अक्षरसंख्येवर उभे असतात, आणि ग्रीक छंद उभा असतो तो अक्षराच्या काळावर. मराठी वाचकाला ही अडचण नाही. ऱ्हस्व स्वर लघु, दीर्घ स्वर गुरु आणि जोडाक्षरापूर्वीचा ऱ्हस्वही गुरु, हा नियम त्याला शाळेपासून ठाऊक असतो. थोडेफार अपवाद सोडता ग्रीक व लॅटिनमध्ये नियम हाच.

सॅफोच्या कडव्यात ११ अक्षरांचे तीन चरण आणि शेवटी ५ अक्षरांचा एक छोटा चरण असतो. अकरा अक्षरांच्या चरणाची मांडणी अशी : गुरु, लघु, गुरु, गुरु, गुरु, लघु, लघु, गुरु, लघु, गुरु, गुरु. त्यात चौथे अक्षर सॅफोमध्ये लघुही चालते, होरेसने ते गुरूच ठेवले. शेवटचे अक्षर कोणतेही चालते. आता त, त, ज, ग, ग या गणांची इंद्रवज्रा घ्यावी : गुरु, गुरु, लघु, गुरु, गुरु, लघु, लघु, गुरु, लघु, गुरु, गुरु. चौथ्या अक्षरापासून अकराव्यापर्यंत दोन्ही चरण अक्षरशः एक आहेत. फरक एवढाच की दुसऱ्या आणि तिसऱ्या अक्षरांच्या जागा बदललेल्या आहेत. ज्याला इंद्रवज्रा म्हणता येते त्याच्या कानाला सॅफोचा चरण परका वाटण्याचे कारण नाही.

हे साम्य योगायोगाचे म्हणावे काय? फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी १९२३ मध्ये ग्रीक छंदांच्या उगमावरील ग्रंथात वैदिक छंद आणि ईओलिक छंद यांची तुलना केली. चरणातील अक्षरसंख्या निश्चित असणे आणि चरणाचा शेवट अधिक बांधीव असणे ही दोहोंची समान लक्षणे त्यांनी दाखविली आणि दोन्ही एका इंडो-युरोपीय परंपरेचे वारस असल्याचे प्रतिपादन केले. इंद्रवज्रेचे मूळ वैदिक त्रिष्टुभात आहे, हे लक्षात घेता हे प्रतिपादन लक्षणीय वाटते.

गाथेचा छंद मात्र या नात्यात बसत नाही. गाथा म्हणजे आर्या. तिच्या पूर्वार्धात ३० आणि उत्तरार्धात २७ मात्रा असतात, अक्षरे किती यावर बंधन नसते. मोरोपंतांमुळे आर्या मराठीच्या अंगवळणी पडली, पण तिचे सर्वांत कोवळे रूप गाथासप्तशतीतच आहे. ग्रीक शिलालेखांतून पुढे आलेल्या दोन-चार ओळींच्या मुक्तकांशी गाथेचे गोत्र अधिक जुळते. तेथे आणि येथे दोन ओळींत एक प्रसंग उभा राहतो, बोलणारा कोण हे वाचकाने ओळखायचे असते आणि मुख्य गोष्ट न सांगितलेलीच राहते.

वेबर आणि तेलंग

गाथासप्तशतीच्या आधुनिक अभ्यासाचा पाया जर्मन पंडित आल्ब्रेख्त वेबर यांनी घातला. १८७० मध्ये त्यांनी तिच्यावर पहिला ग्रंथ लिहिला आणि १८८१ मध्ये निरनिराळ्या पाठपरंपरांतील मिळून ९६४ गाथांची आवृत्ती प्रसिद्ध केली. त्यांपैकी सर्व परंपरांना समान अशा गाथा सुमारे ४३० भरतात. ‘सप्तशती’ नावाचा ग्रंथ शतकानुशतके वाढत, बदलत आला होता, हे यावरून स्पष्ट झाले. सीगफ्रीट गोल्डश्मिट यांनी १८८० मध्ये सेतुबंधाची आवृत्ती काढली. १८८९ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने काव्यमालेत गंगाधराच्या टीकेसह गाथासप्तशती छापली आणि बर्लिन-लाइपझिगला असलेला ग्रंथ येथील शास्त्र्यांच्या हाती आला. पुढे १९५६ मध्ये स. आ. जोगळेकर यांनी ती विस्तृत प्रस्तावनेसह मराठीत आणली.

वेबर यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच १८७० मध्ये रामायणावर लिहिताना वाल्मीकीने होमरच्या कथेची छाया घेतली असावी, असा तर्क त्यांनी मांडला. सीतेचे हरण आणि हेलेनचे हरण यांत त्यांना उसनवारी दिसली. त्यास उत्तर दिले ते मुंबईच्या काशिनाथ त्रिंबक तेलंग यांनी, १८७३ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी. पुढे उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झालेल्या या तरुणाने वेबर यांचा पुरावा एकेक करून तपासला आणि वरवरच्या साम्यावरून ऋण सिद्ध होत नाही हे दाखविले. तेलंगांचे मोठेपण केवळ स्वदेशाची बाजू घेण्यात नाही. त्यांनी तुलनेलाच नियम घालून दिला : दोन काव्ये सारखी दिसली तर आधी काळ तपासावा, मार्ग तपासावा आणि मगच देणे-घेणे बोलावे.

हा नियम गाथेला लावून पाहणे उद्बोधक आहे. येथे मार्ग निश्चितच होता. पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाच्या ‘पेरिप्लस’ या वर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे तेर, यांचा उल्लेख आहे. कार्ले, जुन्नर, नाशिक येथील लेण्यांत यवन दात्यांचे लेख आहेत, तेही प्राकृतात. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत पॉसायडनची कांस्यमूर्ती मिळाली. द्राक्षमद्य आले, नाणी आली, मूर्ती आल्या. कविता आली काय? गाथांतील जग पाहता तसे दिसत नाही. त्यांत गोदा, तापी, रेवा आणि विंध्य आहेत, नांगरट करणारा हालिक आहे, गावच्या पाटलाची मुलगी आहे, कपाशीचे शेत आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी कापूस पिकविणाऱ्या सौंसरच्या शेतकऱ्याला त्यातील पुष्कळसे जग आजही ओळखू येईल. सॅफोशी गाथेचे साम्य उसनवारीचे नाही, आणि म्हणूनच ते अधिक मोलाचे आहे.

गोव्यातील एक पत्र

ग्रीक-लॅटिन विद्या आणि मराठी यांची पहिली प्रत्यक्ष भेट याहून बरीच आधी झाली होती. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी १५८३ मध्ये आपल्या भावाला लॅटिनमधून पत्र लिहिले. या प्रदेशातील भाषा पुष्कळ आहेत, त्यांचा उच्चार गोड आहे आणि त्यांची घडण लॅटिन व ग्रीक यांसारखी आहे, असे त्यांनी त्यात नमूद केले. सर विल्यम जोन्स यांचे प्रसिद्ध व्याख्यान १७८६ चे. म्हणजे त्याच्या २०३ वर्षे आधी कोकणी-मराठीच्या सहवासात राहिलेल्या एका कवीच्या कानाने ते नाते हेरले होते.

पुढे स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराण’ रचले, ते १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. लॅटिन छंदांच्या शिक्षणात वाढलेल्या या कवीने मराठीवर ते छंद लादले नाहीत. त्याने ओवी स्वीकारली. जी भाषा शिकायची तिच्याच चालीने चालायचे, हा भाषांतरकाराचा विवेक त्याच्या ठायी होता. १६४९ आणि १६५४ मध्ये ग्रंथाच्या पुन्हा आवृत्त्या निघाल्या, तरी तो तगला तो श्रद्धावान कुटुंबांनी केलेल्या हस्तलिखित नकलांमुळे. १९०७ मध्ये मंगळूर येथे सालडाणा यांनी तो पुन्हा छापला. येथेही पुन्हा तोच क्रम : छापणारा, नक्कल करणारा, जपणारा आणि शोधणारा.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यावर अभिजात भाषांत संस्कृतबरोबर लॅटिनलाही स्थान मिळाले. तरीही मराठी साहित्यात ग्रीक काव्यशास्त्र आणि नाटक जितके आले तितके वीणाकाव्य आले नाही. विंदा करंदीकरांनी ‘ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ १९५७ मध्ये मराठीत आणले, पु. ल. देशपांडे यांनी सोफोक्लीझचा ईडिपस ‘राजा ओयदिपौस’ म्हणून मराठीत आणला. पण ॲरिस्टॉटल वीणाकाव्याविषयी जवळजवळ बोलतच नाही. जो ग्रंथ मराठीने ग्रीकांच्या काव्यविचाराचा प्रतिनिधी मानला, त्याच्याच मौनात सॅफो झाकली गेली. कवींनी मात्र ती वाट अगदीच सोडली नाही. अरुण कोलटकरांच्या ‘भिजकी वही’त (२००३) अलेक्झांड्रियाची विदुषी हायपेशिया मराठीत अवतरते.

समारोप

या सर्व वृत्तान्तात ग्रंथालयाचे स्थान कोणते? अलेक्झांड्रियाच्या सूचिकाराने ओळी मोजल्या म्हणून किती गेले हे कळले. व्हॅटिकनच्या सूचीत चूक झाली म्हणून असलेलेही दिसेनासे झाले. निर्णयसागरने अल्प मोलात ग्रंथ दिले म्हणून गाथा घरी आली. लाँजायनस आणि आनंदवर्धन यांनी आवडलेली चार वचने उतरवून घेतली म्हणून एरवी नष्ट झालेल्या काव्याचा अंश राहिला. यांपैकी एकही कार्य मोठ्या राजधानीचे वैभव मागत नाही. नोंद ठेवणे, उतरवून घेणे, हाती देणे आणि वाचणे, एवढेच ते मागते.

सौंसर-पांढुर्ण्याच्या मराठी प्रदेशाला तर हे कार्य अगदी उंबरठ्याशी आहे. जात्यावरची ओवी हे स्त्रियांनी रचलेले आणि स्त्रियांनीच जपलेले वीणाकाव्य होय. तेथे वीणेची जागा जात्याच्या घरघरीने घेतली इतकेच. हेमा रायरकर आणि गी प्वातवें यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करून दाखविल्या. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती अंगणात पालथी पडली, आणि ज्यांना त्या ओव्या मुखोद्गत आहेत त्या वृद्ध स्त्रिया आता थोड्या उरल्या आहेत. या जिल्ह्यात पाऊस पडतो. ऑक्सिरिंकसच्या वाळूसारखी येथली माती काही जपून ठेवणार नाही. जे टिकायचे ते वहीतच टिकेल.

प्रवरसेनाने दानपत्र संस्कृतात कोरविले आणि काव्य महाराष्ट्रीत केले. त्याचे दान घेणारे वंश काळाच्या उदरात गेले, ज्या भूमीचे दान झाले तिच्या सीमा पुसल्या गेल्या, ‘सेतुबंध’ मात्र वाचला जातो. पण तो आपोआप वाचला गेला नाही. सर्वसेनाचे काव्य गेले आणि प्रवरसेनाचे राहिले, यात गुणांपेक्षा नकलांचा हिशेब अधिक आहे. सीमेवरच्या गावी शंभर वर्षे मराठी पुस्तके देण्या-घेण्याची नोंदवही लिहिली जाते, तेव्हा तीही त्याच हिशेबातील एक बाजू असते. पुढील शंभर वर्षांत त्या वहीत ग्रंथांच्या नावांबरोबर या मातीतल्या ओव्यांचीही नोंद पडत गेली, तर या ग्रंथालयाने अलेक्झांड्रियाच्या सूचिकाराचे ऋण आपल्या परीने फेडले असे म्हणता येईल.